वजनात बसणं

माझी साखर वाढल्यापासून घरात माझ्या भाकरीवर पहारा आहे. सून कविता भाकर मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवते, उरलेली अर्धी टोपल्यात झाकते आणि मी उठेपर्यंत टोपल्याजवळच बसते. तिचं चुकत नाही. यवतमाळच्या डॉक्टरबाईंनी तिला माझ्यासमोरच बजावलं होतं, की आजींना भात-भाकर एकदम तोडायची नाही आणि एकदम वाढायचीही नाही. थोडं थोडं, दिवसभरात वाटून द्या, नाहीतर वजन उतरेल पण अंगातला जीवही उतरेल. कार्बोहायड्रेट हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. मी मान हलवली. बाई पोरीच्या वयाची, हसतमुख, तिला काय सांगायचं? या एवढ्या गोष्टीसाठी आमच्या घरातला एक माणूस गेला, आणि तेव्हा आम्ही कार्बोहायड्रेटला नुसती भाकर म्हणत होतो.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात, आणि आमची वस्ती गावाच्या शेवटाला, नाल्याच्या अलीकडे. दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. पहाटे जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. परातीतला तो थप-थप आवाज थांबला की समजायचं, भाकर तव्यावर पडली. त्याच वेळी बाहेर माझा मोठा भाऊ मिलिंद विहिरीचं पाणी ओढत असायचा आणि ओढता ओढता दम धरून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत असायचा. बादली वर येईपर्यंत दम तुटू द्यायचा नाही, हा त्याचा नेम. शेजारची म्हातारी ओरडायची, “अरे पोट्ट्या, झोपू देशील का नाई?” तो बादली काठावर ठेवून मगच श्वास घ्यायचा आणि हसायचा. चुलीपुढं बसून तो गरम भाकर आणि जवसाची चटणी खायचा, वर कच्चं तेल. त्याच्या खाण्याला माय नजर लागू द्यायची नाही. कुणी आलं तर ताट उचलून आत न्यायची. तिला तो खाताना बघायला आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू. दादा जेवत असला की घर भरल्यासारखं वाटायचं.

कापूस घरी आला की आमच्याकडे कबड्डीचे सामने सुरू होतात. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना सांगते, इथले सामने वजनगटाचे असतात. पंचावन्न किलोचा गट म्हणजे सामन्याआधी प्रत्येक पोरगा धान्याच्या वजनकाट्यावर उभा राहणार, अंगात फक्त चड्डी, आणि काटा पंचावन्नच्या पुढे सरकला की पोरगा बाहेर. याला म्हणतात वजनात बसणं. गावाच्या संघाचं सगळं नामदेवभाऊ बघायचे. पस्तिशीचे, स्वतः एकेकाळचे नावाजलेले खेळाडू, गुडघा गेला म्हणून बाहेर बसलेले. गावातली माणसं आमच्या वस्तीत सहसा कामाशिवाय येत नसत, आली तरी उभ्या उभ्या बोलून परत जात. नामदेवभाऊ मात्र आमच्या खाटेवर बसायचे आणि चहा मागून प्यायचे, कारण चढाईला दादासारखा पोरगा सगळ्या तालुक्यात नव्हता. सामन्याच्या दिवशी ज्यांच्या दारात आम्हाला बसायला कोणी सांगत नसे तीच माणसं गळा फाडून ओरडायची, “मिलिंद्या, मार!” आमचे बाबा गर्दीत मागे उभे राहून ते ऐकायचे. जन्मभर मान खाली घालून कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचललेला माणूस, त्या दिवशी टाच उंचावून बघायचा. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं, नाहीतर माझा बाप तुम्हाला कसाई वाटेल, आणि तो तसा नव्हता.

त्या वर्षी दादाचं अंग भरलं. वयच तसं होतं, आणि पावसाळ्यापासून तोही बाबांबरोबर जिनिंगला जात होता. खांदे रुंद झाले, मान जाड झाली. माय खुश होती. दिवाळी झाल्यावर नामदेवभाऊंनी त्याला दुकानाच्या काट्यावर उभं केलं, तर काटा साठीच्या जवळ गेला. संध्याकाळी ते आमच्या अंगणात आले, पण खाटेवर बसले नाहीत.

“काकू, याची भाकर बंद,” ते मायला म्हणाले.

“काहून? काय केलं त्यानं?”

“केलं काही नाई. वजन वाढलं. भाकर बंद, भात बंद, गूळ-साखर बंद. उकडलेले चणे द्या, अंडं द्या, पालेभाजी द्या. भाकरीनंच माणूस फुगते.”

“अन् कामाले जाते तो. पोतं उचलाले ताकद कुठून येईन?”

“ते त्याच्यावर सोडा ना. त्याले खेळाचं हाये का नाई, विचारा त्यालेच.”

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. तो बाबांकडे पाहत होता. बाबा म्हणाले, “एवढ्या हंगामाचीच तं गोष्ट हाये.” दादा म्हणाला, “खेळतो ना मी.” झालं. पोराचं जेवण बंद करायला एवढं बोलणं पुरलं.

मग जे दिवस आले ते मला अजून नकोसे वाटतात. आम्ही जेवायला बसलो की दादा बाहेर जाऊन अंगणाच्या टोकाला बसायचा, कारण भाकरीचा वास त्याला सहन होत नव्हता. मायनं भाकरी आधीच करून ठेवायला सुरुवात केली, थंड भाकरीला वास कमी म्हणून. तरी तो ओळखायचा. पहिले आठ-दहा दिवस वजन भराभर उतरलं आणि नामदेवभाऊ म्हणाले, “पाहा, मी काय म्हटलं होतं.” पण उतरलं ते नुसतं वजन नव्हतं. पहाटे पळून आला की तो ओट्यावर डोकं धरून बसायचा. दुपारी जिनिंगमध्ये त्याच्या हातातून गाठ निसटली. जो माणूस माझ्यावर आयुष्यात ओरडला नव्हता, तो मी बारावीची कविता मोठ्यानं पाठ करत होते म्हणून पुस्तक फेकून देऊन म्हणाला, “तुह्या तोंडात बोळा कोंबीन!” आणि मग तासभरानं तेच पुस्तक उचलून, पुसून, माझ्याजवळ ठेवून गेला. उन्हात बसूनही तो कुडकुडायचा. विहिरीवरचा त्याचा दम अर्ध्या दोरालाच तुटायला लागला. शेजारची म्हातारी मायला म्हणाली, “तुह्या पोट्ट्याचा आवाज येत नाई वं आजकाल. बिमार हाये का?”

कळंबच्या सामन्यात तो वजनात बसला. बसला आणि हरला. पाय मध्यरेषेपर्यंत जायचे पण परत यायचे नाहीत. समोरच्या संघातल्या कोवळ्या पोरांनी त्याला घोट्याला धरून पाडलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. परत येताना एसटीत त्याच्याशी कोणी बोललं नाही. घरी आल्यावर मायनं त्याच्या पुढ्यात भाकर ठेवली आणि म्हणाली, “खा. मी पाहतो कोण बोलते ते.”

दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊ आले तेव्हा ती चुलीपुढून उठून बाहेर आली. माझी माय पुरुषांसमोर फारशी बोलत नसे, पण त्या दिवशी पदर खोचून उभी राहिली. “भगवान बुद्ध उपाशी राहून राहून हाडाचा सापळा झाले. पोटाले हात लावला तं पाठ लागे. काही भेटलं का त्याइले? सुजातेची खीर खाल्ली तवा कुठं आंगात जीव आला. तुमी त्याइच्याहून शहाणे होय का, नामदेवभाऊ?”

नामदेवभाऊ म्हणाले, “काकू, बुद्धाले कबड्डी नाई खेळाची होती.”

दादालाच हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी तो हसला, म्हणून मायलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच सौदा ठरला. पहाटे पळायच्या आधी अर्धी भाकर. कामावर जाताना एक, डाळीबरोबर. संध्याकाळी भाकर-भात काही नाही, फक्त भाजी आणि अंडं. तेल बेतानं. माय हे कुठं शिकली नव्हती. तिला पोराला खायला घालायचं होतं आणि नामदेवभाऊंना घालू द्यायचं नव्हतं, त्या ओढाताणीतून हे निघालं. पण लागू पडलं. पोटात अन्न गेल्यावर वजन आधी पुन्हा वाढलं, मग हळूहळू उतरू लागलं, इतकं हळू की नामदेवभाऊ काट्यापुढं उभं राहून चडफडायचे, पण दादाच्या पायात पुन्हा जोर आला. बादली वर येईपर्यंत दम टिकायला लागला. तो मला म्हणायचा, “रत्ना, सकाळची ती अर्धी भाकर आंगात पळते वं, मले समजते.” आमच्या घरातले शेवटचे चांगले दिवस ते. आज डॉक्टरबाई हेच सांगतात आणि कविता ते मोबाईलवर पुन्हा वाचून दाखवते, तेव्हा मी मुकाट्यानं ऐकते, पण आतून पेटते. अहो, हे आमच्या चुलीवर सापडलं होतं! फक्त त्याला वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ कुणाला नव्हता.

मुकुटबनचा सामना हंगामातला सगळ्यात मोठा. तिथं दूरदूरचे संघ यायचे. तो तोंडावर आला तेव्हा दादा अजून दीड-दोन किलोनं जास्त होता. आणखी पंधरवडा मिळाला असता तर तो भाकर खातच वजनात बसला असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण नामदेवभाऊ आले आणि या वेळी ते मायशी बोललेच नाहीत, सरळ बाबांशी बोलले. “दोन-तीन दिवस माह्या हवाली करा पोराले. काटा झाला का मंग खाऊ द्या काय खाते ते.” बाबा म्हणाले, “न्या.” माय आतून ओरडली, “कोणाले विचारून नेता?” बाबांनी दार लोटून घेतलं. ते त्यांचं दार लोटणं मी कधी विसरले नाही आणि तेही विसरले नाहीत. पुढं ते दार आमच्या घरात कोणी दिवसा लावत नसे.

त्या दिवसांत काय झालं ते मला नंतर संघातल्या पोरांनी सांगितलं. अन्न बंद, पाणी बंद. पाणी फक्त गुळणी करून थुंकायला. अंगाला खताच्या पोत्यातलं प्लास्टिक गुंडाळायचं, त्यावर स्वेटर, त्यावर घोंगडी, आणि भर दुपारी धावायचं. प्लास्टिक सोडलं की आतून घाम ओंजळीनं पडायचा आणि नामदेवभाऊ म्हणायचे, “पाहा, चरबी पडून राह्यली.” ती चरबी नव्हती हो! ते पाणी होतं. माणसाच्या अंगातलं पाणी. पण आमच्या भागात कितीतरी पोरांनी असं वजन केलेलं होतं, नामदेवभाऊंनी स्वतः केलेलं होतं, आणि ज्याचं निभावलं तो दुसऱ्याला शिकवत गेला.

मुकुटबनला माझी मावशी राहायची, म्हणून माय आणि मी एसटीनं आदल्या दिवशीच तिच्याकडे गेलो. मायनं मावशीच्या चुलीवर गोळाभात केला. बेसनाचे तिखट गोळे भातातच शिजवायचे आणि वाढताना वरून फोडणीचं कढत तेल. दादाचा जीव होता त्यावर. डबा बांधून आम्ही मैदानावर गेलो. काट्यापाशी दादा दिसला तेव्हा मायनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात. काट्यावर चढताना त्याला दोघांनी धरलं. काटा हलला, थरथरला आणि पंचावन्नच्या जरा आत थांबला. आमच्या गावच्या लोकांनी आरोळी ठोकली. नामदेवभाऊंनी त्याला कडेवर घेतल्यासारखं उचललं. बाबा रडत होते, आनंदानं.

मग सगळे त्याला भरवायला धावले. कोणी साखरेचं पाणी दिलं, कोणी केळी, कोणी जिलबी. तो तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता. मायनं डबा उघडला आणि त्यानं गोळाभात असा खाल्ला की मी तोंड फिरवलं. माय म्हणत होती, “हळू बापा, हळू खा.” तो खाता खाता म्हणाला, “माय, मले आता काही होत नाई.”

पहिल्या चढाईत त्यानं दोन गडी मारले. पहिला अर्धा भाग तो चांगला खेळला, म्हणजे बाकीच्यांना तसं वाटलं. मला त्याचा दम ऐकू येत होता आणि तो त्याचा दम नव्हता, फाटका होता. दुसऱ्या भागात तो पुन्हा रेषा ओलांडून गेला. ‘कबड्डी कबड्डी’ चालू होतं आणि मध्येच थांबलं. हात छातीकडे गेला. समोरच्या पोरांना वाटलं दम तुटला, त्यांनी झडप घातली, पंचानं शिटी वाजवली, त्यांची माणसं नाचायला लागली. आमची माणसं ओरडत होती, “उठ बे मिलिंद्या! नाटकं कायले करतो?” ज्यानं त्याची कंबर धरली होती त्या पोरानं सगळ्यांत आधी हात सोडले. तो म्हणाला, “अबे, हा लुळा पडला.” माय गर्दी फाडून आत गेली. ती कशी गेली ते मला माहीत नाही, माझ्यापुढं माणसांची भिंत होती.

जीपमध्ये त्याचं डोकं मायच्या मांडीवर होतं. वणीच्या रस्त्यावर तो एकदा शुद्धीवर आला आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारू लागला, “काटा झाला ना? आता पेऊ ना पाणी?” माय म्हणाली, “पे, बापा. आता कोणी नाई म्हणत.” तो प्यायला आणि सगळं बाहेर आलं. वणीला तरुण डॉक्टर होता. त्यानं दादाची कातडी चिमटीत धरून सोडली, नाडी पाहिली आणि बाबांना विचारलं, “पेशंट किती दिवसांपासून उपाशी आहे?”

बाबांनी हात जोडले. “उपाशी नाई साहेब. तयारी करून राह्यला होता.”

सलाइन लावून डॉक्टरनं आम्हाला यवतमाळला पाठवलं. अंगातलं मीठ-पाणी संपलंय, हृदयाचे ठोके ठिकाणावर नाहीत, असं तिथं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला. बाहेर व्हरांड्यात एक बाई टिफिन उघडून आपल्या माणसाला जेवायला हाका मारत होती, तेवढं मला आठवतं.

आता आमच्या कॉलनीत व्यायामशाळा आहे. समोरच्या घरातला मुलगा आरशात स्वतःचं पोट बघत असतो आणि मला सांगतो, “आजी, मी कार्ब बंद केले.” मी त्याला गच्चीवरून शिव्या घालते. त्याच्या आईला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय. वाटू दे. चरबी उतरव बाबा, जरूर उतरव, पण ज्या भाकरीवर तू चालतोस ती सगळी काढून चालशील कशावर? हे मी त्याला शांतपणे कधीच सांगू शकत नाही. माझा आवाज चढतोच.

दादा गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला वस्तीतली सगळी माणसं आली. वंदना झाली, अंगणात पंगत बसली. संघातली पोरं एका ओळीत बसली होती, सगळ्यांच्या माना खाली. नामदेवभाऊ उशिरा आले. कुणी बसा म्हटलं नाही. ते ओळीच्या शेवटी जाऊन बसले. मी भाकरी वाढत होते. ओळीनं सगळ्यांना वाढलं आणि त्यांच्या पत्रावळीशी आल्यावर परत फिरले. आजही फिरेन. मायनं ते पाहिलं. तिनं माझ्या हातातलं टोपलं काढून घेतलं, त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि भाकर वाढली. वरण वाढलं. भाजी वाढली.

नामदेवभाऊंना हुंदका आला. “काकू, मले—”

“पयले जेव,” माय म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना एकेरी बोलली. “खाली पोटानं बोलू नको.”

ते जेवायला लागले. घास उतरत नव्हता, पाण्याबरोबर ढकलत होते. पंगतीतल्या बाकीच्यांचे हात थांबले. माय हलली नाही. भाकर संपली की दुसरी वाढायची. बाबा भिंतीला टेकून दोन्ही हातांत तोंड झाकून बसले होते. शेवटी नामदेवभाऊंनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

मायनं विचारलं, “पोट भरलं?”

त्यांनी मान हलवली.

“मंग हे माह्या मिलिंदले एकदा तरी काहून नाई विचारलं रे, नामदेव?”